टोकावरचा कर्णा

खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं एक कोळीवाडा होता, आणि त्या कोळीवाड्यात जोमा नावाचा माणूस गावचं मशीन सांभाळायचा. मशीन म्हणजे आवाज मोठा करायचं मशीन, ॲम्प्लिफायर. पण एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? लहानथोर सगळे त्याला मशीनच म्हणायचे.

ते फार जुनं होतं. पूर्वी त्या बंदराला आगबोट लागायची. उतारूंना सूचना द्यायला आगबोटवाल्यांनी ते आणलं होतं. पुढं रस्ता झाला, एसटी आली, आगबोट बंद पडली. जाताना त्यांनी मशीन गावाला देऊन टाकलं. आधी जोमाच्या बापानं ते सांभाळलं, बापामागं जोमानं.

दिसायला ते काही छान नव्हतं. राखाडी रंगाची लोखंडी पेटी, पुढं एक गोल काच आणि काचेमागं थरथरणारा काटा. चालू केलं की लगेच बोलायचं नाही. आधी आतले काचेचे दिवे तापू द्यायचे. ते नारिंगी झाले की बोलायचं. पाठीमागच्या बाजूला लोखंडाचा एक काळा ठोकळा होता. त्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी. मसाला वाटायच्या पाट्यासारखा जड. त्या ठोकळ्यामुळंच मशीन उचलायला चार माणसं लागायची, आणि उचलताना चौघंही ठोकळ्याला शिव्या द्यायची.

मशीन देवळाच्या पडवीत होतं. तिथून खांबाखांबावरून एक बारीक तार थेट टोकावर गेली होती. टोक म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ. तिथं उंच खांबावर समुद्राकडं तोंड करून एक मोठा कर्णा बसवला होता. टोकाच्या एका अंगाला खोल पाणी. तिकडून होडी सुखरूप खाडीत शिरायची. दुसऱ्या अंगाला पाण्याखाली खडकांची रांग. उजेड असला, आभाळ मोकळं असलं की टोक लांबूनही दिसायचं. पण जोराची सर आली, नाहीतर धुकं उतरलं, की काहीच दिसायचं नाही. मग कर्ण्याचा आवाज उजव्या हाताला ठेवायचा आणि होडी आत घ्यायची. तेव्हा माणसांच्या खिशात फोन नव्हते. होता तो कर्णाच.

त्या गावाची एक रीत होती. सर आली की मशीन चालू करायचं, आणि ज्या घरची होडी बाहेर असेल त्या घरच्या बाईनं हाक घालायची. दुसऱ्या कुणी नाही. घाबरलेल्या माणसाला परका आवाज वाऱ्यात कळत नाही, घरचा कळतो, असं जुनी माणसं सांगायची. म्हणून आई असेल तर आई, बायको असेल तर बायको, कुणी नसलं तर बहीण पडवीत येऊन माईकपुढं बसायची. आणि हाकेला उत्तर म्हणून होडी यायची.

जोमाला एक धाकटा भाऊ होता. लहू. लहूची स्वतःची लहान होडी होती, एकट्याला नेता येईल एवढी. त्याचं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. बायकोचं नाव हिरू. त्यांना एक लहान मुलगी होती, नुकती रांगायला लागलेली.

हिरूचा आवाज खणखणीत होता. लहू तिला चिडवायचा, "घरात तुझी हाक ऐकली की मला लपावंसं वाटतं. समुद्रात ऐकली की धावत यावंसं वाटतं."

"मग तिकडंच राहा की," हिरू म्हणायची. "इथं तरी कुठं कामाला हात लावता?"

लहू इतरांपेक्षा लांब जायचा. लांब गेल्याशिवाय एकट्याच्या जाळ्यात काही येत नाही, असं त्याचं म्हणणं. जोमाला भावाचं कौतुक होतं, काळजीही होती. पण कर्णा आहे तोवर लहूला काही होत नाही, असं तो आईला नेहमी सांगायचा.

खाडीच्या पलीकडच्या काठावर दुसरं गाव होतं. एका वर्षी त्या गावानं नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीला आवाजाच्या नव्या मोठ्या पेट्या आणल्या. कपाटाएवढ्या. त्यांचा दणका पाण्यावरून इकडं येऊन लोकांच्या छातीत धडधडला. इकडच्या देवळात जुन्या मशीनवर नेहमीची गाणी लागली होती. ती कुणाला ऐकूच येईनात.

दुसऱ्या दिवशी बाजारात पलीकडच्या लोकांनी जोमाला गाठलं.

"काय रे जोमा, तुझ्या मशीनला दमा लागला काय?"

"दमा नाही रे, म्हातारं झालंय ते. त्याला काढा पाजा."

"काल आम्हाला वाटलं, तुमच्या गावात कुणीतरी भांडी घासतंय. मग कळलं, ती तुमची मिरवणूक."

सगळा बाजार हसला. जोमाही हसला, पण घरी येईपर्यंत त्याचं तोंड उतरलं होतं. बापानं दिलेलं मशीन, आणि त्याला भांडी घासणं म्हणाले. ते शब्द काही त्याच्या डोक्यातून जाईनात.

वर्ष फिरून आलं. पावसाळ्यात समुद्र बंद झाला. होड्या किनाऱ्यावर ओढल्या, नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारल्या. माणसं घरी बसून जाळी विणू लागली. रिकामी माणसं एकत्र बसली की बोलणं वाढतं. गावच्या पाटलांनी विषय काढला.

"यंदा आपला आवाज पलीकडच्या काठावर गेला पाहिजे. जोमा, होईल ना?"

"होईल," जोमा म्हणाला.

"पेट्या आणू आपण. पण मशीनला झेपेल ना?"

"मशीन सुधारून घेतो," जोमा म्हणाला, आणि तालुक्याहून दिनकर मिस्त्रीला घेऊन आला.

मिस्त्रीनं मशीन उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "अशी बनावट आता मिळत नाही. माझं ऐकाल तर हे असंच ठेवा. पेट्यांसाठी दुसरं लहान मशीन घ्या."

"दुसरं कशाला? यात दम नाही का?"

"दम आहे. पण हा मागचा ठोकळा आहे ना, ट्रान्सफॉर्मर, हा लांब तारेसाठी बसवलाय. आवाज बारीक तारेतून लांब न्यायचा तर हा लागतो. पेट्यांना तो नको. हा काढून आत नवीन पट्टी बसवली तर पेट्या दणदणतील. पण आधी एक सांगा. या मशीनची तार कुठवर गेलीय? लांब कुठं कर्णा जोडलाय का?"

पडवीत पाटील उभे होते. गावातली तरुण पोरं उभी होती. सगळ्यांचे डोळे जोमावर होते. जोमाच्या मनात आलं, हो म्हटलं तर मिस्त्री हात काढून घेईल. मग पुन्हा तोच बाजार, पुन्हा तेच हसणं. पेट्यांना दुसरं मशीन आणलं तर लोक म्हणतील, जोमाचं मशीन कामातून गेलं.

"आहे एक जुना कर्णा," तो म्हणाला. "गंजलाय. त्याच्यावाचून काही अडत नाही."

"नक्की?"

"अहो, काढा म्हणतो ना."

मिस्त्रीनं ठोकळा काढला. ज्याला विचारायचं त्याला विचारून झालं होतं. त्यानं आत नवीन पट्टी बसवली, जुन्या तारेची टोकं तिलाच जोडून ठेवली आणि पेट्या लावून दाखवल्या. पेट्या अशा घुमल्या की देवळाच्या कौलांवरची धूळ खाली पडली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पाटलांनी जोमाची पाठ थोपटली. मशीन आता एकट्यानं उचलता येत होतं.

आवाज ऐकून बायका गोळा झाल्या. हिरू मुलीला कडेवर घेऊन आली. तिचं लक्ष जमिनीवर पडलेल्या ठोकळ्याकडं गेलं.

"भाऊजी, हे काय काढलंत?"

"मशीनचा जुना आजार," जोमा म्हणाला. पोरं हसली.

"पण टोकावर आवाज जाईल ना?"

"अगं, आवाज दुप्पट झालाय. जाणार नाही तर काय? तुझ्या कानात बोळे आहेत का?"

एक पोरगा म्हणाला, "हिरूवहिनी, आता तू नुसती कुजबुजलीस तरी लहूदादा धावत येईल. हळू बोलत जा जरा, सगळ्या गावाला ऐकू जाईल."

पुन्हा सगळे हसले. हिरूही लाजून हसली. तरी तिचं मन राहीना.

"एकदा कुणीतरी होडीतून बाहेर जाऊन ऐका ना. म्हणजे बरं."

"बाहेर?" जोमा म्हणाला. "समुद्र बंद आहे, बाई. शाकारलेली होडी तुझ्यासाठी कोण सोडणार? हे बघ हिरू, पोर लहान आहे म्हणून तुला सगळ्यात भीतीच दिसते. काल म्हणालीस तिला खोकला झालाय. परवा म्हणालीस ती दूध पीत नाही. आज मशीन."

हिरूला वाटलं, खरंच असेल. मूल लहान असलं की बाईला उगाच काळजी लागते, असं सगळेच म्हणतात. दारात बसलं तरी काळजी, निजलं तरी काळजी. लोक हसतात, आणि मग आपल्यालाही आपली काळजी खोटी वाटायला लागते. ती मुलीला घेऊन घरी गेली.

नारळी पौर्णिमा झाली. काय तो थाट! पेट्यांचा आवाज खाडी ओलांडून गेला. पलीकडची माणसं काठावर येऊन उभी राहिली. जोमा मशीनशेजारी खुर्ची टाकून बसला होता. जो तो येऊन त्याला नमस्कार करत होता. त्या दिवशी सगळं गाव पेट्यांपुढं होतं. सगळ्या होड्या किनाऱ्यावर होत्या. समुद्रात एकही माणूस नव्हता. मग समुद्रात किती ऐकू येतं, हे सांगणार कोण?

नारळ वाहिला, समुद्र खुला झाला, होड्या बाहेर पडल्या. सुरुवातीला दिवस चांगले गेले. ऊन होतं, वारा बेताचा होता. कर्ण्याची गरजच पडली नाही.

आणि मग एक दिवस दुपारी वारा फिरला.

जवळच्या होड्यांनी आभाळ बघितलं आणि त्या सर यायच्या आत खाडीत शिरल्या. माणसांनी होड्या बांधल्या, जाळी आवरली आणि ती आपापल्या घराकडं पळाली. लहू लांब होता. सर आली ती भिंतीसारखी. समोरचं माणूस दिसेना, मग टोक कुठून दिसणार?

हिरू भिजतच पडवीत आली. मुलीला तिनं सासूजवळ ठेवलं होतं. जोमानं मशीन चालू केलं. तिनं माईक धरला आणि हाक घातली.

"अहो, इकडं! आवाज उजव्या हाताला ठेवा! इकडं!"

पडवीतल्या पेट्यांतून तिचा आवाज असा घुमला की बाजूला उभ्या असलेल्या बायकांनी कान झाकले. कुणालाच काही शंका आली नाही. एवढा मोठा आवाज! पण जोमाला राहवेना. मिस्त्रीचं बोलणं त्याच्या मनात टोचत होतं. कुणाला न सांगता तो पावसातून टोकाकडं धावला.

टोकावर तो कर्ण्याखाली उभा राहिला. कर्ण्यातून आवाज येत होता, पण कसा? डब्यात अडकलेल्या माशीसारखा. शब्द कळत नव्हते. दोन पावलं पुढं गेलं की तेवढाही ऐकू येत नव्हता. पुढं सगळा पाऊस आणि लाटा.

आता बघा. तेव्हा अजून वेळ होता. जोमा परत धावत आला असता आणि ओरडून म्हणाला असता की कर्णा बंद पडलाय, तर सगळं गाव बाहेर निघालं असतं. ढोल होते, थाळ्या होत्या, रिकामे डबे होते. टोकावर उभं राहून ते बडवले असते तर काहीतरी लहूच्या कानावर गेलं असतं. जोमाला हे कळत नव्हतं असं नाही. पण पडवीत पाटील उभे होते. ज्यांनी त्याला नमस्कार केले ती माणसं उभी होती. त्यांच्यापुढं काय सांगायचं? मिस्त्रीनं विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं, हे सांगायचं?

तो पडवीत आला. मशीनचं बटण त्यानं शेवटपर्यंत फिरवलं. पेट्या किंचाळल्या. आणि तो हिरूला म्हणाला, "जोरात, हिरू. अजून जोरात हाक घाल."

हिरूनं जोर लावला.

"अजून जोरात!"

ती ओरडत राहिली. तिचा गळा फाटला, आवाज घोगरा झाला, मग नुसती हवा येऊ लागली. तरी तिनं माईक सोडला नाही. ओठ हलतच होते. शेवटी बायकांनी तिची बोटं सोडवली.

सर ओसरली तेव्हा संध्याकाळ झाली होती. टोक दिसू लागलं. लहूची होडी खडकांच्या रांगेवर फुटलेली दिसली. लहू दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर किनाऱ्याला लागला.

त्याच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरातलं असं कुणी गेलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरातलं गेलं नाही त्यांच्यावर ती वेळ न येवो.

लोक म्हणाले, समुद्राचं असंच असतं. लोक म्हणाले, लहूला किती वेळा सांगितलं होतं, लांब जाऊ नकोस. मशीनबद्दल कुणीच काही बोललं नाही. सगळ्यांनी आपल्या कानानं पेट्यांचा आवाज ऐकला होता. जोमाही काही बोलला नाही. त्याला वाटलं, आता बोलून लहू थोडाच परत येणार आहे.

दिवसकार्य झालं. हिरूचा गळा हळूहळू बरा झाला, पण ती कुजबुजतच बोलायची. शेजारच्या बायका तिला समजावायला यायच्या.

"नशिबात होतं, हिरू. कुणाच्या हातात असतं का?"

"माझ्या हातात होतं," हिरू म्हणायची. "भाऊजी सांगत होते, जोरात, अजून जोरात. माझ्याच गळ्यात बळ नव्हतं. दुसरी कुणी असती तर तिचा नवरा घरी आला असता."

"असं नको गं म्हणूस."

"मग काय म्हणू? इतक्या जणी हाका घालतात. सगळ्यांच्या होड्या येतात. माझ्याच हाकेला नाही आली."

हे बोलणं जोमाच्या कानावर जायचं. घर एकच होतं. तो उठून बाहेर जायचा. बाहेर गेला की टोक दिसायचं, मग आत यायचा.

एक दिवस हिरू अंगणात मासे सुकत घालत होती. तिची मुलगी रांगत रांगत पेटलेल्या चुलीकडं निघाली. जोमा ओट्यावर होता. हिरूचं लक्ष गेलं. कुठलीही आई काय करील? आधी हाक मारील. पोर ओळखीच्या आवाजाला थांबतं. पण हिरूनं हाक मारली नाही. हातातलं सूप टाकून ती धावत गेली, अडखळली, पडली, आणि पडल्या पडल्या तिनं मुलीचा पाय धरला. गुडघ्यातून रक्त आलं. तोंडातून आवाज आला नाही.

जोमाची आई म्हणाली, "अगं, हाक मारायची ना तिला!"

"माझी हाक कुणाला ऐकू जात नाही, आत्या," हिरू म्हणाली.

जोमा उठला. तो पाटलांकडं गेला आणि म्हणाला, माणसं बोलवा. माणसं पडवीत जमली. त्यानं हिरूलाही बोलावून घेतलं. ती मुलीला मांडीवर घेऊन बायकांमध्ये बसली.

"हिरू," जोमा म्हणाला, "तुझा आवाज कमी पडला नाही."

त्यानं टोकाकडं बोट केलं.

"कर्णा मुका होता. मिस्त्रीनं ठोकळा काढला तेव्हापासून. काढायच्या आधी त्यानं मला विचारलं होतं, लांब काही जोडलंय का. मी म्हणालो, गंजलेला कर्णा आहे, त्याच्यावाचून अडत नाही."

पाटलांनी मान खाली घातली. मिस्त्रीनं विचारलं तेव्हा तेही तिथंच उभे होते.

"आणि त्या दिवशी मी टोकावर जाऊन ऐकलं," जोमा म्हणाला.

"कधी?" हिरूनं विचारलं.

"तू हाका घालत होतीस तेव्हा."

"मग येऊन तुम्ही मला अजून जोरात का म्हणालात?"

मागून एक म्हातारा नाखवा म्हणाला, "अरे, एक शब्द बोलला असतास तर टोकावर ढोल घेऊन गेलो असतो आम्ही. काय रे केलंस हे?"

हिरू रडली नाही. ती काहीतरी जुळवत होती. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांना माझी हाक ऐकूच गेली नाही."

"नाही."

"जराही नाही?"

"नाही, हिरू. तुझा काही दोष नाही."

"दोषाचं नाही म्हणत मी, भाऊजी." तिनं मुलीला जवळ ओढलं. "मी म्हणते, त्यांना शेवटी काय वाटलं असेल? पावसात वाट बघत राहिले असतील. आता हिरू हाक घालील, आता घालील. त्यांना वाटलं असेल, हिरूनं हाकच घातली नाही."



त्यानंतर जोमा मिस्त्रीकडं गेला. ठोकळा परत बसवा म्हणून हात जोडले. पण ठोकळा मोडीत गेला होता, त्यावरचं तांबं केव्हाच वितळलं होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"विचारलं होतं," जोमा म्हणाला.

मिस्त्रीनं बराच शोध करून तसाच दुसरा ट्रान्सफॉर्मर मिळवला. पेट्या विकल्या. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मशीन पुन्हा टोकावरच्या कर्ण्याला जोडलं. आणि गावानं ठरवलं की आता परीक्षा देवळापुढं उभं राहून घ्यायची नाही. समुद्र खुला व्हायच्या आधी, वारा बेताचा असेल असा दिवस बघून एक होडी सोडायची, लहू जायचा तेवढ्या लांब न्यायची आणि तिथं बसून ऐकायचं. ऐकू आलं तर वल्हं उंच करायचं. टोकावरच्या माणसानं ते बघून सांगितलं की मगच बाकीच्या होड्यांची झापं काढायची.

ऐकायला जोमा गेला. दुसरं कुणी जातो म्हणालंच नाही, आणि त्यानंही कुणाला जाऊ दिलं नसतं.

हिरू त्या दिवशी पडवीत आली नाही. पुढंही कधी आली नाही. तिच्या घरची होडीच आता बाहेर जात नव्हती. दुसऱ्या बायकांनी एकेक करून हाका घातल्या. लांब पाण्यावर जोमाच्या होडीपर्यंत त्या हाका आल्या, शब्दन् शब्द, जशा कुणी काठावरून माराव्यात तशा. प्रत्येक बाईचा आवाज वेगळा कळत होता, त्यात हिरूचा तेवढा नव्हता. जोमानं वल्हं उंच केलं. टोकावरची माणसं ओरडली, आलं, आलं! मग सगळे त्याच्या परत यायची वाट बघत उभे राहिले.

वल्हं तसंच वर राहिलं. पुष्कळ वेळ ते खाली आलं नाही.

तात्पर्य: जी वस्तू सगळ्यांच्या उपयोगाची असते ती बदलण्याआधी, तिच्यापासून सगळ्यात लांब असलेल्या माणसाचा विचार करावा. आणि चूक झाली तर ती तेव्हाच सांगावी, कारण उशिरा सांगितलेल्या खऱ्यानं मन हलकं होतं, पण गेलेलं माणूस परत येत नाही.